बाहेरचा अडसर

लाइट येईल तेव्हा येईल. खाली खोलीत उकडत बसण्यापेक्षा इथं गच्चीवर बरं. रिया, तेवढा मोबाइलचा उजेड बंद कर गं, डोळ्यात जातो. हां. आता कसं, अंधारातलं पण दिसायला लागलं.

मनोज, तुमी नवरा-बायको परवा त्या रिसॉर्टवर लग्नाला गेलात ना? हर्षला मघापासून त्या हॉलचं कौतुक करतेय. एवढे जाडजूड वासे, काळा कुळकुळीत साग, कुठं एक खिळा नाय. बरोबर हाय गं सूनबाई, असला साग आता मिळत नाय. तो कुठला ते मला ठाऊक हाय. उतरवला कोणी तेही ठाऊक हाय. माझ्या साडूनं. गजानं. तुमच्या संध्यामावशीच्या नवऱ्यानं.

ही गोष्ट मी घरात काढत नाय, संध्याला आवडत नाय म्हणून. पण विषय निघालाय तर सांगतो. जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते तसं सांगेन. जे गजानं सांगितलं ते त्याच्या तोंडचं म्हणून सांगेन. माझ्या पदरचं काही नाय. आणि गजा दारूला शिवत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

ठाकूरवाडीच्या खालच्या अंगाला एक माळ हाय. वर डोंगरात घाटातली रेल्वे, खाली झाडी, मधे हा माळ. पाद्र्याचा माळ बोलतात. इंग्रजांच्या वेळेला तिथं एक पाद्री येऊन राहिला. इंग्रज नव्हता, बर्फाच्या मुलखातला होता कुठला तरी. नाव हान्स. वाडीतली ठाकर माणसं त्याला हंसबाबा बोलायची. ल्यूथरन पंथाचा. म्हणजे कॅथलिक वेगळे, हे वेगळे. यांच्यात मूर्ती नाय, मेणबत्त्यांचा थाट नाय. गाणी मात्र भरपूर.

त्यानं तिथं देऊळ, म्हणजे चर्च, बांधायला घेतलं, ते लाकडाचं. सगळ्यांनी सांगितलं, बाबा, इथं चार महिने पाऊस धो धो, वर वाळवी, चिऱ्याचं बांध. त्यानं ऐकलं नाय. त्याच्या गावाला सगळी देवळं लाकडाचीच असतात म्हणे. खाली दगडाचं उंच जोतं, त्यावर सागाचे आडवे ओंडके एकावर एक. कोपऱ्यात ओंडक्यांची टोकं एकमेकांत बसवलेली, आपण हाताची बोटं गुंफतो तशी. खिळ्याच्या जागी लाकडाच्या खुंट्या. वाळवी लागू नये म्हणून दर वर्षी बिब्ब्याचं तेल नि डांबर. म्हणून तो काळा रंग. वर आधी लाकडाच्या चिपा होत्या, त्या कुजल्यावर कौलं आली. आत गेलं की मान वर करून बघत राहावं. छत कसं, तर होडी पालथी घातल्यासारखं. समुद्राकाठचा माणूस असणार तो. डोंगरात येऊनही त्याला होडीच आठवली.

आणि खिडक्या बारीक. डोक्याच्या वर, लहानसं मडकं आत जाईल एवढ्या. त्याच्या मुलखात थंडी आत शिरू नये म्हणून तशा करतात. तशाच त्यानं इथं केल्या. ते काही बरं झालं नाय.

पुढं हंसबाबा गेला, दुसरे पाद्री आले, तेही गेले. वाडीतली ख्रिस्ती घरं एकेक करून बदलापूर-अंबरनाथकडे सरकली. कामधंदा तिकडे, शाळा तिकडे. शेवटी माळाजवळ एकच घर उरलं. मोतीबाई नि तिचा मुलगा नागू. देवळाची राखण त्या म्हातारीकडे. रविवारी ती एकटी जायची, एकटी गाणं म्हणायची, परत यायची. मग चर्चच्या मंडळींनी ठरवलं, लाकूड पावसात कुजण्यापेक्षा विकून टाकू, त्यातून बदलापूरला नवी इमारत उभी राहते. कागद रीतसर झाले. लाकूड गजानं घेतलं. जुनी घरं उतरवायची, लाकूड फार्महाउसवाल्यांना द्यायचं, हाच त्याचा धंदा होता तेव्हा.

ओंडके सावकाश उतरवायचे होते. पण घंटा आधी पायजे होती. बदलापूरच्या नव्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पहिली उपासना, ती या घंटेनं सुरू व्हावी अशी मंडळींची इच्छा. गजा बोलला, मी स्वतः आणून देतो.

साल दोन हजार एकोणीस. दिवाळी होऊन गेली होती, पण पाऊस जायचं नाव घेत नव्हता. आठवतं ना? शेतात कापलेल्या भाताला भिजून मोड आले होते. भाऊबीज झाली नि त्याच आठवड्यातला शनिवार. दोन नोव्हेंबर. कार्तिकातली षष्ठी.

दुपारी गजा टेंपो घेऊन माळावर चढला. नागू नि त्याचे दोन गडी मदतीला. चेनपुली लावून घंटा उतरवली. कळशीहून थोडी मोठी, पण वजन असं की चौघांचे हात भरून आले. आतला लोलक गोणपाटात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधला, वाटेत आदळायला नको म्हणून. टेंपोत पेंढा घातला, त्यावर घंटा आडवी ठेवली, वरून ताडपत्री. घंटेचा दोर तसाच देवळात लोंबत राहिला. तो काय कामाचा.

निघायला गेले नि टेंपोचं मागचं चाक चिखलात बसलं. जोर लावला, दगड घातले. चाक आणखी खाली. नागू बोलला, "गजाभाऊ, खालच्या गावातून ट्रॅक्टर आणतो. तुमी बसा." नि गडी घेऊन गेला. थोड्या वेळानं पावसानं जोर धरला. माळ नि बाकीचं जग यांच्यामधे एक नाला हाय. तो फुगला की ट्रॅक्टर काय, म्हैस पण पलीकडे जात नाय. मोबाइलला रेंज नाय. गजानं ओळखलं, आज रात्र टेंपोतच.

नाला भरायच्या जरा आधी मोतीबाई आली होती. तिची झोपडी नाल्यापल्याड, माळावरून दिवा दिसतो एवढ्या अंतरावर. डोक्यावर इरलं, पदराखाली भाकर नि सुकटाची चटणी. गजा देवळाच्या पायरीवर बसून जेवला. म्हातारी दाराशी उभी राहिली.

जेवताना गजाचं लक्ष दाराकडे गेलं. लाकडात वावरणारा माणूस, त्याला दिसणारच. दार बाहेर उघडणारं. नि चौकटीला दोन्ही बाजूंना लोखंडाचे जाड आकडे, बाहेरच्या अंगाला. आडवा अडसर त्यात बसेल असे. अडसरही तिथंच भिंतीला टेकून उभा, चांगला माणसाच्या मांडीएवढा.

"आजी," गजा बोलला, "अडसर आतून असतो. हा बाहेरून कसा?"

म्हातारीनं त्या अडसराकडे बघितलं.

"हंसबाबानंच बसवून घेतला," ती बोलली. "मानमोडीच्या साली."

मानमोडी म्हणजे तो साथीचा ताप, पोरांनो. शंभर वर्षं होऊन गेली. सकाळी नांगराला गेलेला माणूस संध्याकाळी मान टाकायचा. गावंच्या गावं ओस पडली तेव्हा.

"हंसबाबानं सगळे दुखणाईत देवळात घेतले," मोतीबाई सांगायला लागली. "बाकांवर माणसं, बाकांखाली माणसं. मंग वाड्यांना बोलला, बाहेरून अडसर घाला. तापाच्या भरात कोणी पळालं तर घरोघर न्यील. मी आत ऱ्हातो त्यांच्यासंगं. पाणी नि पेज खिडकीतनं द्या. ताप उतरला की मी घंटा वाजवीन. मंग उघडा."

"मग?"

"मंग लोकांनी थोडे दिस काठीनं मडकी पोचवली खिडकीशी. तेवढ्यात खाली पण माणसं मरायला लागली. मंग कोण जातो?"

"नि घंटा?"

म्हातारी पावसाकडे बघत राहिली.

"वाजली," ती बोलली.

गजानं घास हातात धरला तसाच.

"रातभर वाजली. दुसऱ्या रातीला पन वाजली. माझी आजी तितं, आता आमचं खोपट हाय तितंच ऱ्हायची. नवरा आत होता तिचा. लगीन होऊन एक पावसाळा गेलेला. ती उठली उघडायला जायला. घरच्यांनी धरली. खांबाला बांधून ठेवली म्हनं. सगळ्यांना वाटलं, आतली माणसं कवाच मेली. आता वाजवतं ते माणूस नाय."

"...मग कधी उघडलं?"

"घंटा बंद झाली. त्याच्या बऱ्याच दिसांनी." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "ताप उतरला होता रं त्यांचा. पन आत पाणी नव्हतं."

गजा मला सांगताना बोलला, नाना, मी उरलेली भाकर बाजूला ठेवली.

मोतीबाईच्या त्या आजीनं मग दुसरं लग्न केलं, त्यातून मोतीबाईचा बाप झाला. पण ती त्या झोपडीच्या जागेवरून हलली नाय. मरेपर्यंत रोज रात्री येऊन बघून जायची, दार नुसतं ओढलेलं हाय ना. तिच्यामागं सुनेनं ते केलं, सुनेमागं मोतीबाईनं.

"लाकूड ने. घंटा ने. देवळाची माणसं बोलली ने, तर ने," म्हातारी निघता निघता बोलली. "पन रातचा अडसर घालू नको. आमी कधी घालत नाय. नि घंटा वाजली तर उघड. कोन हाय बघत बसू नको. उघड नि बाजूला हो."

गजाला हसू आलं. "आजी, घंटा टेंपोत बांधून ठेवलीय."

"असू दे," ती बोलली, नि इरलं डोक्यावर ओढून निघून गेली.

अंधार पडला. गजा टेंपोच्या केबिनमध्ये काचा चढवून बसला. पाऊस एका लयीत. वर घाटात गाडी गेली की डब्यांचे दिवे झाडीतून धावताना दिसायचे, मग पुन्हा काळोख. नाल्यापल्याड म्हातारीचा दिवा. बाकी काही नाय.

वारा सुटला. नि देवळाचं दार आपटायला लागलं.

एवढं अवजड दार. धाडकन उघडायचं, धाडकन लागायचं. पाऊस सरळ उंबऱ्यावर. गजानं बराच वेळ सोसलं. मग आत जाऊन दार बांधायला काथ्या शोधला, मिळाला नाय. दगड लावून बघितला, वाऱ्यानं दगडासकट ओढून नेलं. पुन्हा धाड. पुन्हा धाड. डोक्यात घण घातल्यासारखं. त्याचं डोकं फिरलं. भिजत गेला, दार लोटलं नि तो अडसर उचलून आकड्यात घातला.

बोलला, एक रात्र. सकाळी काढून ठेवीन. म्हातारीला कळणार पण नाय.

दार गप्प झालं.

केबिनमध्ये येऊन त्यानं अंग पुसलं. बरं वाटलं. सीटवर आडवा झाला. पाऊस आता ताडपत्रीवर वाजत होता, त्या आवाजात डोळा लागायला आला...

ढब्.

त्यानं डोळे उघडले.

पाऊस. ताडपत्रीत पाणी साचलं असेल, पडलं असेल खाली.

ढब्.

टेंपो किंचित हलला. खरंच हलला. आरशाला टांगलेली लिंबू-मिरची हलली.

ढब्.

ओल्या गोणपाटात बांधलेली घंटा वाजली तर कशी वाजेल? तशी. छातीवर बुक्की मारल्यासारखी. नाद नाय. नुसता ठोका.

गजा बॅटरी घेऊन उतरला. ताडपत्री वर केली. घंटा पेंढ्यावर आडवी. लोलक बांधलेला, सुतळी जशीच्या तशी. काही हलत नव्हतं. त्यानं घंटेवर हात ठेवला.

आतून थरथरत होती. धार काढताना गाय अंग थरथरवते ना, तशी.

नि हात घंटेवर असतानाच त्याला दुसरा आवाज आला. देवळातून.

खर्रर्र.

दोर. लाकडावरून ओढल्याचा.

ढब्.

खर्रर्र...

ढब्.

आत कोणी दोर ओढत होतं. वर घंटा नव्हती. घंटा इथं होती, त्याच्या हाताखाली. नि वाजत होती.

गजा पळाला. चप्पल चिखलात राहिली. नाल्याशी गेला तर नाला दिसेना, नुसतं काळं पाणी धावताना ऐकू येत होतं. पलीकडे म्हातारीचा दिवा. दिव्यापुढं कोणीतरी उभं. मोतीबाईच असणार. "आजीऽऽ!" तो ओरडला. पाण्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाय. दिव्यापुढची आकृती हलली नाय. हात पण केला नाय. नुसती उभी. त्याच्याकडे तोंड करून.

मागं... ढब्.

जायला वाट नव्हती. तो परत फिरला. टेंपोत बसला, दार लॉक केलं, कानात बोटं घातली. बोटं घातली तरी येत होतं. कानानं नव्हतंच येत ते. सीटमधून येत होतं. हाडांतून.

तो मला बोलला, नाना, मी डोळे मिटून बायकोचं नाव घेत होतो. देवाचं एक नाव आठवेना.

मग ठोके हळू झाले.

खर्रर्र... मग बराच वेळ काही नाय. मग ढब्. एकदम हलका. ओढणाऱ्याच्या हातात जोर उरला नाय, असा.

नि मग दारावर टकटक.

धडका नाय, पोरांनो. लाथा नाय. आरडाओरडा नाय. एका बोटानं वाजवावं तशी टकटक. शेजारच्या घरी साखर मागायला आल्यासारखी. हळू.

थांबून पुन्हा.

थांबून पुन्हा.

मग ते पण थांबलं.

सगळं थांबलं. घंटा गप्प. दोर गप्प. नुसता पाऊस.

सुटलो असं वाटायला पायजे होतं ना? गजाला पण आधी तसंच वाटलं. त्यानं श्वास सोडला. नि सोडता सोडता म्हातारीचं बोलणं डोक्यात आलं. घंटा बंद झाली... त्याच्या बऱ्याच दिसांनी...

बंद झाली म्हणजे आत काय झालं होतं, ते त्याला कळलं.

तो मला बोलला, घाबरून मी दार उघडायला गेलो असं समजू नका. भीती होतीच, पण त्या भीतीनं मी टेंपोत जन्मभर बसून राहिलो असतो. ती शांतता सहन झाली नाय. अडसर कोणी घातला होता? मी. हंसबाबानं नाय, मानमोडीनं नाय. मी घातला होता, दाराचा आवाज नको म्हणून.

तो धावला. पायऱ्यांवर घसरला, गुडघा फुटला, उठला. अडसराला हात घातला.

हलेना.

पाण्यानं लाकूड फुगलं होतं. आकड्यात घट्ट बसलं होतं. त्यानं खांदा लावला. हलेना. दाराच्या फटीशी त्याचा चेहरा होता. आतून वारा यायला पायजे होता. वारा येत नव्हता. कोंदट काहीतरी. गरम. नि फटीच्या पलीकडे अगदी जवळ...

श्वास.

एकाचा नाय.

गजा रडायला लागला. "थांबा," बोलला तो, "काढतो. काढतो मी. थांबा जरा..." टेंपोकडे पळाला, जॅकचा दांडा आणला, खालून अडसरावर हाणला. पुन्हा हाणला. पुन्हा. लाकूड किंचाळल्यासारखं वाजलं नि एक टोक वर आलं. दुसरं टोक त्यानं दोन्ही हातांनी उपसलं. अडसर पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला.

मग तो बाजूला झाला. पाठ ओंडक्यांच्या भिंतीला लावली. हात सरळ खाली. डोळे घट्ट मिटले.

दार उघडलं. वाऱ्यानं उघडतं तसं नाय. आतून लोटून. सावकाश.

आवाज नाय.

पाय वाजले नाय. बोलणं नाय. त्याच्या अंगाजवळून गरम हवा जात राहिली, थांबत थांबत. ताप भरलेल्या माणसाच्या अंगाची असते, तशी. दाटीवाटीनं बाहेर पडावं तशी एका जागी अडायची. मग पुन्हा पुढं.

किती वेळ, त्याला माहीत नाय.

मग पावसाचा आवाज बदलला.

तुमी कधी लक्ष दिलंय? पाऊस मातीवर पडतो त्याचा आवाज वेगळा. माणसांवर पडतो त्याचा वेगळा. डोक्यांवर, खांद्यांवर, ओल्या कपड्यांवर. समोरच्या माळावर पाऊस माणसांवर पडत होता. भरपूर माणसांवर.

नि ती पीत होती.

तोंड वर करून. ओंजळी करून. घोट घेतल्याचा आवाज... इकडून, तिकडून... लहान पोर घाईघाईनं पाणी पितं, मधेच ठसका लागतो, तसा. बाई कोणाला तरी हळू हळू पाजते, तसा. गजा भिंतीला चिकटून ऐकत होता नि रडत होता.

कधीतरी वर घाटात गाडीची शिटी झाली. त्याला वाटतं, ठोके सुरू झाल्यापासून एकही गाडी गेली नाय, ती पहिलीच. शिटी झाली तेव्हा पाऊस पुन्हा मातीवर पडत होता. नुसत्या मातीवर.

तरी त्यानं डोळे उघडले नाय. उजाडेपर्यंत नाय.

आता पुढचं माझ्या डोळ्यांचं.

गजा घरी आला नाय, फोन लागत नाय, म्हणून संध्यानं मला पहाटेलाच उठवलं. मी मोटरसायकल काढली. खालच्या गावात नागू भेटला, ट्रॅक्टर घेऊन नाला उतरायची वाट बघत बसलेला. उजाडताना पाणी ओसरलं तसे आमी दोघं चालत वर गेलो. मोतीबाई आमच्या आधी पोचली होती.

गजा भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. गुडघ्यावर रक्त सुकलेलं. दार सताड उघडं. आत बाक, दोर, पालथ्या होडीचं छत. पावसाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, आत कोरडं. माळावर चिखल, त्यात गजाचेच पाय इकडून तिकडे धावलेले. म्हातारीची ताजी पावलं सोडली तर दुसरं पाऊल नाय.

म्हातारी त्याच्यापुढं उकिडवी बसली होती. काय झालं, ते तिनं विचारलं नाय. 

"गेली?" ती बोलली.

गजानं मान डोलावली.

"पाणी प्याली?"

त्यानं पुन्हा मान डोलावली. तेव्हा ती म्हातारी अशी रडली रं... एवढ्या वयाचं माणूस इतकं मोकळं रडताना मी बघितलं नव्हतं. रडून झाल्यावर डोळे पुसले, उठली, देवळाच्या भिंतीवर हात फिरवला नि बोलली, "आता हे नुसतं लाकूड हाय. ने बाबा, काय न्यायचं ते."

खाली पडलेला अडसर तेवढा तिनं मागून घेतला. नागूनं तो फोडला नि त्याच सकाळी तिच्या चुलीत गेला. आमी त्यावर झालेला चहा प्यालो. ट्रॅक्टरनं टेंपो ओढून काढला नि घंटा मी नि नागूनं बदलापूरला पोचवली. उपासना संपत आली होती, पण मंडळी रागावली नाय. चांगली खणखणीत वाजते ती. मोतीबाई पुढं दोन पावसाळे जगली. गजानं जानेवारीत लाकूड उतरवलं, त्या रिसॉर्टवाल्यांना दिलं, नि धंदा सोडला. आता साजगावला कारखान्याचा माल वाहतो. तुमी त्या हॉलात बिनधास्त जेवा. तिथं काही नाय.

काय रं मनोज? हां... स्वप्न पडलं असेल. मला पण तसंच वाटलं असतं. वाटून घ्यायची माझी तयारी होती. गुडघा घसरून फुटतो, वाऱ्यानं दोर हलतो, म्हातारीचं ऐकून माणसाच्या मनात भरतं. सगळं लावता येतं.

पण आमी त्याला उठवायला गेलो तेव्हा त्याची उजवी मूठ मिटलेली होती.

"काय हाय हातात?" मी विचारलं.

तो बोलला, "माहीत नाय. सगळे गेल्यावर कोणतरी मागं राहिलं होतं. माझ्यासमोर उभं होतं. बराच वेळ. मग माझा हात उचलला, काहीतरी ठेवलं नि बोटं मिटवली. मी उघडली नाय."

बोटं आखडली होती. मी एक एक करून सोडवली.

पळसाच्या पानाचा लहानसा द्रोण होता, चुरगळलेला. त्यात करवंदं. पिकलेली, काळीभोर. एक फुटून तळहात जांभळा झालेला. देठाला पांढरा चीक अजून ओला, आत्ताच जाळीवरून तोडल्यासारखा.

कार्तिकात, पोरांनो. करवंदीच्या जाळीला तेव्हा कळी पण नसते.

मी एक उचललं. रात्रभर पाऊस झाला होता, हवेत गारठा होता, गजाचा हात बर्फासारखा पडला होता...

करवंद गरम होतं. वैशाखाच्या उन्हात तापलेलं असतं ना, तसं.